आत्याच्या एकाहत्तर ओंजळी

माजरीला कोळशाच्या खाणीत मी वजनकाट्यावर असतो. ट्रक रिकामा आला की त्याचं वजन घ्यायचं, भरून आला की पुन्हा घ्यायचं आणि मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा. बावीस वर्षं मी हेच करतो आहे. यात बुद्धी फारशी लागत नाही, पण सवय मात्र लागते. आमच्या क्वार्टरच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि नववी इतरांपेक्षा दोन बोटं उंच आहे. बायको चहात साखर घालताना चमचा सपाट भरत नाही, त्यामुळे सोमवारचा चहा आणि मंगळवारचा चहा यांची गोडी जुळत नाही, हे मी तिला एकदा समजावून सांगितलं. तेव्हापासून माझा चहा मीच करतो.

ही खोड क्वार्टरमध्येच राहिली असती तर एका बाईचंच नुकसान झालं असतं. मी ती मंडईला घेऊन गेलो.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गाव आपापला दिवस ठरवतं. दिवसा बाजार, शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, दंडारीचा नाच, रात्री नाटक. पण हे सगळं घराबाहेरचं. घरात मंडई म्हणजे नातलग. वर्षभर जे लोक फोनवर "येतो येतो" म्हणत राहतात, ते या एका दिवशी खरोखर येतात. आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, भाताच्या पट्ट्यात. तिथे आता मोठी काकू राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, कोरपन्याला सिमेंटच्या कारखान्यात आहे. तोही मंडईच्या आदल्या दिवशी येतो. कवेलूचं घर, मागे दोन स्लॅबच्या खोल्या आणि त्यामागे सांदवाडी, जिथे त्या दिवशी मोठी चूल मांडतात.

या दिवसाची एक रीत आमच्या घरात आहे. व्याह्यांना आणि ओळखीच्यांना बोलावणं जातं, घरच्यांना जात नाही. घरच्या लेकीला, पुतण्याला, नातवाला "मंडईला येणार का" असं कोणी विचारत नाही. आला तर आला. नाही आला तरी कोणी कारण विचारत नाही. मला ही रीत लहानपणापासून माहीत होती. एखादी गोष्ट माहीत असणं आणि कळणं यात किती फरक असतो, तो मी पुढे मोजला.

दुसरी रीत तांदळाची. मंडईच्या भाताचा तांदूळ घरची थोरली लेक घेते. आमच्याकडे ती माझी आत्या. ती एटापल्लीला दिलेली. लग्न झाल्यापासून एकही मंडई तिने चुकवली नव्हती. वय पंचाहत्तरीच्या आसपास, गुडघे गेलेले, तरी आलापल्ली, आष्टी असं करत एस.टी. बदलत ती यायची. सकाळी पाय धुवून दारात बसायची, पुढ्यात नव्या तांदळाचं टोपलं, बाजूला रिकामं टोपलं, आणि माणसागणिक एक ओंजळ टाकत जायची. ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, आकडे म्हणते आहे.

तीन मंडयांपूर्वी मी क्वार्टरमधला किराण्याचा छोटा डिजिटल काटा सोबत नेला. का नेला, असं बायकोने विचारलं. मी म्हणालो, सहज. आत्याने दहा ओंजळी टाकल्या, त्या मी वेगवेगळ्या मोजल्या. सरासरी एकशे नव्वद ग्रॅम आली. जास्तीत जास्त फरक चार ग्रॅम. आमच्या मोठ्या काट्यालाही याहून जास्त चुकायची सूट असते. मी इतका खूश झालो की आत्याच्या पाया पडलो.

"काय झालं रे?" ती म्हणाली.

"आत्या, तुझे हात प्रमाणित आहेत."

"ते काय असते?"

"म्हणजे सर्टिफिकेट देता येईल."

"मंग दे. घरी लावीन."

पण काटा आणला होता तर काम अर्धवट कसं सोडायचं. मी सगळ्या ओंजळी मोजल्या. एकाहत्तर. दुपारी पंगती उठल्यावर जेवलेली माणसं मोजली. अठ्ठावन्न. तेरा ओंजळी तांदूळ जास्त शिजला होता, म्हणजे अडीच किलोला तीस ग्रॅम कमी. मी चुलतभावाला बाजूला घेऊन हे सांगितलं.

"दरसालीच उरते ना भाऊ," तो म्हणाला.

"दरवर्षी उरतो म्हणूनच तर विचार करायला पाहिजे."

"विचार कायचा? सकाळी फोडणी देते माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या भाताला काकूने खरंच फोडणी दिली. मी माझ्या वहीत "वाया: तेरा ओंजळी" असं लिहीत होतो आणि दुसऱ्या हाताने तोच भात खात होतो. दोन ताटल्या खाल्ल्या. त्या वेळी मला यात काही विसंगत वाटलं नाही.

मी निष्कर्ष असा काढला: आत्याचे हात अचूक आहेत, पण वयामुळे गिनती चुकते. मध्येच विसरते आणि काही माणसं दोनदा धरते. हे मी सगळ्यांसमोर बोललो नाही, एवढा समजूतदारपणा माझ्यात होता. निघताना तिला एकटीला म्हणालो, "आत्या, पुढच्या वर्षी तू तांदळाची कटकट घेऊ नकोस. आराम कर. मी बघतो."

तिने हातातलं टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं." मला वाटलं, तिला बरं वाटलं.

पुढच्या मंडईच्या महिनाभर आधी मी कामाला लागलो. घराण्याचा फोनवर एक ग्रुप आहे. एरवी त्यावर शुभ सकाळ आणि वाढदिवसाचे केक येतात. त्यावर मी एक फॉर्म टाकला. कुटुंबप्रमुख, येणारे मोठे, येणारी मुलं, येण्याची वेळ, मुक्काम आहे की नाही. पाच वर्षांखालचं मूल अर्धं धरावं अशी टीप होती. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं: अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास संख्या शून्य धरली जाईल. ट्रक कंत्राटदारांना आम्ही अशीच नोटीस देतो. तिचा उपयोग होतो.

पहिल्या दिवशी ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी चुलतभावाचा फोन आला.

"भाऊ, मी बी भरू का फॉर्म?"

"भर ना."

"अन् मायच्या घरी मायनं?"

"काकू तिथेच राहते. तिचा आकडा मी धरला आहे."

"मोठा धरला की अर्धा?"

मी गंभीरपणे सांगितलं की मोठा.

हळूहळू उत्तरं आली. काहींनी अंगठा पाठवला, तो मी एक धरावा की सहकुटुंब, हे ठरवण्यात माझी एक सुट्टी गेली. एटापल्लीहून काही आलं नाही. फोन आत्याच्या मुलाकडे असतो; त्याने फॉर्म पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा मला दिसत होत्या. मी थांबलो. मुदत संपली. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मी तिच्या घरापुढे शून्य लिहिलं आणि अंतिम यादी ग्रुपवर टाकली. यादीत एकूण सात शून्यं होती. त्यातलं एक घरच्या थोरल्या लेकीचं होतं, हे सोडून मला सगळं दिसत होतं.

यादीप्रमाणे त्रेचाळीस माणसं. त्रेचाळीस गुणिले एकशे नव्वद, अधिक पाच टक्के, म्हणजे आठ किलो पाचशे साडेअठ्ठ्याहत्तर ग्रॅम. मी सरळ आठ किलो सहाशे घेतले. वरचे साडेएकवीस ग्रॅम हा माझा दिलदारपणा.

मंडईच्या सकाळी मी काटा लावून तांदूळ मोजला. दारातली आत्याची जागा रिकामी होती. काकूने दोनदा रस्त्याकडे बघितलं.

"बाई आल्या नाई अजून," ती म्हणाली. आत्या तिची थोरली नणंद, म्हणून ती तिला बाई म्हणते.

"यादीत नाही ती," मी म्हणालो.

काकूने यादी पाहिली नव्हती. तिचा फोन बटणांचा आहे.

अकरापासून माणसं यायला लागली आणि यादी कोसळायला लागली. भरलेल्या त्रेचाळीसपैकी सहा जण आलेच नाहीत. त्यांपैकी एकाने फॉर्मवर "नक्की" असं लिहून पुढे तीन फुलं टाकली होती. उलट ज्यांनी काहीच कळवलं नव्हतं असे सतरा जण आले आणि अगदी सहज आले, जसे दरवर्षी येतात. एका मावसभावाला मी विचारलं की फॉर्म का नाही भरला. तो म्हणाला, "मले वाटलं तो बाहेरच्यायसाठी हाय." एकूण चोपन्न झाले. माझा भात पंचेचाळीस माणसांचा होता.

पुरुषांची पंगत झाली, मुलांची झाली, व्याह्यांकडच्या बायांची झाली. आमच्याकडे रांधणाऱ्या बाया शेवटी बसतात. त्या नऊ होत्या. काकू, चुलतभावाची बायको, माझी बायको आणि इतर. काकूने भाताच्या मोठ्या गंजात वाढायचा सराटा घातला, तो तळाला लागून वाजला. बायकोने गंज थोडा कलवून मला आत दाखवला, जसं आम्ही ट्रकवाल्याला रिकामा हौदा दाखवायला सांगतो.

"किती ग्रॅम हाय?" तिने विचारलं.

काकूने माझ्या हातात पितळी डबा दिला. "जा. शेजारून तांदूळ आन."

नवा धान घरात येऊन पडलेला, पण भरडून मी मोजका तांदूळच आणवला होता; गावात मंडई, आणि मी भाताच्या गावात डबा घेऊन तांदूळ मागायला निघालो. शेजारचं घर तळ्यात मासे धरणाऱ्यांचं. त्यांची आमची तीन पिढ्यांची ओळख. शेजारणीने डबा हातात घेतला आणि मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्याच घरी जेवाले येनार होतो ना आमी आत्ता," ती म्हणाली. "मच्छी सकाळीच पाठवली."

"या ना," मी म्हणालो.

"डबा पाहून भूक गेली भाऊ." असं म्हणून ती हसली, डबा काठोकाठ भरला आणि वर ओढणी टाकून दिली, रस्त्यात कोणाला दिसू नये म्हणून. मी तोंडही त्या ओढणीत घातलं असतं, पण ती तेवढी मोठी नव्हती.

बायांची पंगत साडेचारला बसली. त्यानंतर काकूने मला सांदवाडीत बोलावलं. चुलतभावाने तिला ग्रुपवरची यादी वाचून दाखवली होती.

"बाईच्या म्होरं शून्य लिवलं तू?"

"काकू, उत्तर आलं नाही म्हणून. नियम होता."

"तिले इचारलं काऊन पन?"

मी म्हणालो, किती येणार ते कळायला नको का.

"पाहुन्याले इचारतेत, येता का म्हनून. तिले कोनी इचारलं नवतं आजवर. तांदूळ तिच्या हातातून घेतला, वरून इचारलं, वरून शून्य." काकूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तिचं माहेर म्हनजे एवढाच एक दिवस हाय रे. आता बोलावलं तरी येनार नाई ते. मले माहीत हाय तिचा सोभाव."

मग मी एटापल्लीला फोन लावला. आतेभावाने उचलला. आई झोपली आहे म्हणाला. मागे आत्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ती कोणाला तरी कोंबड्या झाकायला सांगत होती.

नातलग दरवर्षी एकत्र कशासाठी येतात, याचा मी त्या रात्री पहिल्यांदा विचार केला, म्हणजे उशिराच. बोलणी तीच होतात. कोणाचं वजन वाढलं, कोणाचे केस गेले, कोणाच्या मुलाचं कुठे जमलं. एका वर्षाच्या बोलण्यावर दुसऱ्या वर्षाची तारीख टाकली तर चालेल. माहितीच हवी असेल तर माझा फॉर्म पुरेसा होता. तरी लोक तीन तीन गाड्या बदलून येतात. मला वाटतं, ते काही सांगायला येत नाहीत. आपली जागा अजून आहे का, ते बघायला येतात. आणि मी दारात उभा राहून त्यांना जागेसाठी अर्ज भरायला लावला होता.

डिसेंबरात दोन दिवसांची रजा टाकून मी एटापल्लीला गेलो. गाडी घेऊन गेलो, आत्याला चार दिवस गावी आणावं या हिशेबाने. रस्ताभर मी माफीचे तीन मुद्दे पाठ केले. आत्या अंगणात सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"काटेवाले आले का," ती म्हणाली. "बस. पानी पे. किती घोट पेला ते सांगजो मंग."

मी पाणी प्यायलो. मुद्दे विसरलो.

"आत्या, माझं चुकलं."

"काय चुकलं? तुयं गनित तं कधी चुकत नाई."

"तुझ्यापुढे शून्य लिहिलं."

"मी आली होती का मंडईले?"

"नाही."

"मंग शून्य बरोबर झालं ना."

माझीच रीत होती ती. मी खाली बसून शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणाली, "तुले वाटलं, म्हातारी गिनती भुलली."

मी मान हलवली.

"तेरा जास्ती होत्या म्हनतं, कानावर आलं माया. मोज मंग." तिने शेंगा ठेवल्या आणि बोटं धरली. "पुन्याचा तुया भाऊ, त्याची बायको, दोन पोट्टे. चार. वावराच्या धुऱ्यावरून भांडून गेला तो तुया चुलता, त्याच्या घरचे तिघं. सात. शेजारचे मच्छीवाले दोघं, ते मांगच्या दारी बसून जेवतेत, तुया पंगतीत दिसत नाईत. नऊ. दंडारीतले तिघं, नाचून आले का भुकेले रायतेत. बारा."

"आणि तेरावी?"

"तेरावी कोनाची ते मले बी माहीत नाई. कोनी तं येतेच."

ती आकडे म्हणत नव्हती तर. नावं घेत होती.

"पण पुण्याचा सहा वर्षांत आला नाही," मी म्हणालो. मला हे बोलल्याशिवाय राहवलं नाही, याची मला अजून लाज वाटते. "आणि तो चुलता तर येणारच नाही."

"मले नाई माहीत का?"

"मग?"

"मंग काय? आला एखाद्या साली तं काय सांगू त्याले, तुया तांदूळ नाई टाकला म्हनून?" तिने पुन्हा शेंगा घेतल्या. "तू बी चार साल नवता आला. ड्युटी ड्युटी करत होता. तुयी ओंजळ मी कोनत्या साली थांबवली?"

त्या चार वर्षांबद्दल खरं सांगायला हवं. ड्युटी नव्हती. घरातल्या एका लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांमध्ये माझं नाव सातव्या नंबरवर छापलं होतं. वयाने मी चौथा. मी कोणाला काही बोललो नाही, फक्त चार मंडया गावी गेलो नाही आणि सगळ्यांना शिफ्टचं कारण सांगितलं. कोणीतरी समजूत काढायला येईल, अशी माझी अपेक्षा होती. कोणी आलं नाही. पाचव्या वर्षी मी आपणहून गेलो आणि जेवायला बसलो. भात होता. तो कुठून आला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता, आणि एरवी मला सगळे प्रश्न पडतात.

"तुला कळलं होतं?" मी विचारलं. "पत्रिकेचं?"

"सगळ्यायले माहीत होतं. हासत होते सगळे."

मी बराच वेळ शेंगा सोलल्या. मग म्हणालो, "चल आत्या, गाडी आणली आहे. चार दिवस गावी राहून ये."

"गाडी धाडून पाहुनीले आनतेत."

"बरं. पुढच्या मंडईला येशील ना?"

तिने हातातली शेंग माझ्याकडे रोखली. "हे पाह्य. पुन्हा इचारून राह्यला. येईन तं येईन. आता इचारजो नको."

जेवून मी परत निघालो. गाडीची मागची सीट सपाट करून तिच्यासाठी गादी टाकली होती, ती तशीच माजरीला आली.

पुढचं वर्ष माझ्यासारख्या माणसाला कठीण गेलं. आत्याशी फोनवर बोलणं होत असे. गुडघ्याची चौकशी होई, पावसाची होई. मंडई जवळ आली तसा प्रश्न माझ्या जिभेवर येऊन बसायचा. एकदा मी "या वर्षी तुमच्याकडच्या बसची वेळ बदलली म्हणतात" असं आडून बोललो. ती म्हणाली, "हो का," आणि फोन ठेवला. डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास नको म्हटल्याचं आतेभावाकडून कळलं. ती येणार की नाही, यावर घरात कोणी बोलत नव्हतं, आणि या वेळी ती आली नाही तर ते माझ्यामुळे, हेही कोणी बोलत नव्हतं. न बोलण्याची आमच्या घराला सवय आहे. ती सवय किती जड असते, हे मला तेव्हा समजलं.

मंडईच्या सकाळी काकूने तांदळाचं टोपलं दारात आणून ठेवलं, बाजूला रिकामं टोपलं. पाट मांडला. कोणी त्यावर बसलं नाही. गडचिरोलीकडची बस पावणेदहाला आली. तिच्यातून आमच्या गावचे दोघे आणि एक बकरी उतरली. साडेदहाला चुलीवर आधण उकळायला लागलं.

"कोनी तरी घ्या आता," काकू म्हणाली. कोणी पुढे आलं नाही, तशी ती माझ्याकडे वळली. "तूच बस."

"मी?"

"बिघडवलं कोन?"

चुलतभाऊ म्हणाला, "काटा आनू का भाऊ?" सगळे हसले.

मी पाय धुवून पाटावर बसलो. पहिल्या दहा ओंजळींत घरातली माणसं झाली. मग अडखळलो. नाव घेऊन ओंजळ टाकायची म्हणजे तो माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि मला आमच्या बऱ्याच माणसांचे फक्त आकडे आठवत होते: तिघं, अडीच, मुक्काम नाही. एका चुलत बहिणीच्या मुलीचं नाव बायकोने मागून सांगितलं. पुण्याच्या भावाच्या चार टाकल्या. धुऱ्यावरच्या चुलत्याच्या तीन टाकल्या, तेव्हा काकूने पदर नाकाला लावला, किंवा तो चुलीचा धूर असेल. आत्याची टाकली, तिच्या घरच्यांच्या टाकल्या.

त्र्याहत्तर झाल्या. मोजायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं, पण झाल्या.

ओंजळींनी भरलेलं टोपलं उचलून सांदवाडीत नेलं, तांदूळ धुवायला बायांच्या हवाली केलं आणि बाहेर आलो, तर दारात एक काळीपिवळी थांबली होती. तिच्या मागच्या बाकावरून आत्या उतरत होती. एक हात चुलतभावाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. अकराला दहा कमी होते. कोणी "आलीस का" म्हटलं नाही, "उशीर झाला" म्हटलं नाही. काकूने पाय धुवायला पाणी दिलं. मी पिशवी घ्यायला पुढे झालो. "गुडघा कसा आहे" एवढंच विचारलं, कारण गुडघ्याबद्दल विचारायला बंदी नव्हती.

तिने रिकामा पाट पाहिला.

"तांदूळ कोनं घेतला?"

"याने," काकू म्हणाली.

आत्या थेट सांदवाडीत गेली. धुतलेल्या तांदळात हात घालून तिने अंदाज घेतला.

"तुया ओंजळी मोठ्या हायत. भात लय उरन."

"उरू दे," मी म्हणालो.

"कोनाकोनाच्या टाकल्या, सांग."

मग मी चुलीपुढे, हात मागे बांधून, सगळ्या बायांसमोर नावं म्हटली. घरच्यांपासून सुरुवात करून शेजारच्यांपर्यंत आलो. मच्छीवाले दोघं, म्हणालो.

"त्यायच्या घरी सून आली ना औंदा. तिची?"

मी धुतलेल्या तांदळाकडे पाहिलं.

"तिची टाकली का?"

"नाही."

"जाय मंग," आत्या म्हणाली, पदर खोचून चुलीजवळच्या पाटावर टेकली आणि पाय पसरून गुडघा चोळायला लागली. मी सुनेची ओंजळ घ्यायला दारातल्या तांदळाच्या टोपल्याकडे गेलो.